चावी मिळाली, मीटर सुरू

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही पाच जण त्या घरात राहायला गेलो. लीड्समधलं हेडिंग्ली. क्रिकेटच्या मैदानामुळे हे नाव आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, पण त्या मैदानाच्या आसपास लाल विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगाच रांगा आहेत आणि त्यांत विद्यार्थीच विद्यार्थी राहतात, हे तिथे गेल्यावरच कळतं. दार ढकललं तर आत पायपुसण्यावर पत्रांचा ढीग पडलेला. बहुतेकांवर कुणाचं नावच नव्हतं. नुसतं ‘द ऑक्युपायर’, म्हणजे जो कोणी राहत असेल तो. आपली नाहीत म्हणून आम्ही ती गोळा करून रद्दीत टाकली. नोव्हेंबरात पहिलं गॅसचं बिल आलं, तेव्हा ‘जो कोणी राहत असेल तो’ म्हणजे आम्हीच, हा उलगडा झाला.

चूक आमची होती, पण ती करायला आम्ही घरूनच शिकून गेलो होतो. पुण्यात भाड्याच्या घरात लाइटबिल येतं ते मालकाच्या नावाने. भाडेकरू बदलले तरी ग्राहक क्रमांक तोच. महावितरणचा माणूस मीटरचा फोटो काढून जातो, बिल येतं, आपण फोनवरून भरतो, विषय संपला. बिल घराला चिकटलेलं असतं. इंग्लंडमध्ये ते माणसाला चिकटतं, आणि तेही चावी हातात पडल्याच्या दिवसापासून. तुम्ही कुठेही सही केलेली नसली तरी त्या घराला जी कंपनी आधीपासून वीज आणि गॅस पुरवत असेल, तिच्याशी तुमचा करार झाला असं कायदा धरून चालतो. आपल्याकडे सोसायट्यांच्या भांडणांत ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्द कानावर पडतो ना, तसाच हा ‘मानीव करार’. पहिला दिवा लावला की तुम्ही ग्राहक.

म्हणून सामान उघडायच्या आधी मीटर शोधायचा. जुन्या घरांत तो जिन्याखालच्या कपाटात किंवा तळघरात असतो. कधी बाहेरच्या भिंतीवर पांढऱ्या पेटीत, आणि ती पेटी तिकोनी चावीने उघडते. ती चावी घरात सापडेलच असं नाही, एजंटकडे मागावी. विजेचा एक आणि गॅसचा एक असे दोन मीटर. दोन्हींचे फोटो असे काढायचे की आकडा आणि मीटरवर छापलेला क्रमांक एकाच चौकटीत यावेत. मग ते फोटो त्याच दिवशी एजंटला ईमेल करायचे. फोटो फोनमध्ये पडून राहिला तर तो फक्त आपल्याला माहीत. ईमेल केला की त्याला तारीख लागते आणि साक्षीदारही मिळतो.

पुढचं काम म्हणजे कंपनी कोणती हे शोधणं. मालकाला विचारावं, नाहीतर पायपुसण्यावरची ती पत्रं फोडावीत. पोस्टकोड टाकून शोधायची सोयही आहे. कंपनीला तीन गोष्टी कळवायच्या: नावं, राहायला आल्याची तारीख आणि त्या दिवसाचा आकडा. आधीच्या मंडळींची थकबाकी तुमच्याकडून मागता येत नाही, पण तुम्ही कधी आलात हे कंपनीला आपोआप कळत नाही. न कळवल्यास ती अंदाज बांधते.

आमच्या बाबतीत तेच झालं. आम्ही आलो त्या दिवशी गॅसचा मीटर ४६१० वर असावा, असं कंपनीने ठरवून टाकलं. बिल आलं तेव्हा आकडा होता ४९०८. बिल २९८ एककांचं, आणि आम्ही तर अजून हीटिंग धड लावलंही नव्हतं. आमच्यातल्या एकाला आठवलं की एजंटने घर ताब्यात देताना सामानाची यादी पाठवली होती, पानोपानी खुर्च्यांचे आणि भिंतीवरच्या डागांचे फोटो असलेली. तिच्या शेवटच्या पानावर मीटरचा फोटो होता: ४८२१. म्हणजे २११ एककं आमच्या आधी राहून गेलेल्यांची. ती यादी कुणीच शेवटपर्यंत वाचत नाही. वाचावी.

आता ही २११ एककं म्हणजे किती पैसे? इथे बिल वाचायला शिकावं लागतं, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. बिलाचे दोन भाग असतात. एक वापराचा, दर युनिटाला इतके पेन्स. दुसरा रोजचा ठरलेला आकार, तिथे ज्याला ‘स्टँडिंग चार्ज’ म्हणतात. आपल्या बिलावरच्या ‘स्थिर आकारा’चाच हा भाऊ, फक्त महिन्याऐवजी दिवसावर मोजलेला. आपल्याकडे वापर वाढेल तसा युनिटाचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. तिथे साधारणपणे पहिल्या युनिटाला जो दर तोच हजाराव्या युनिटाला. काटकसरीने राहणाऱ्याला त्यामुळे बक्षीस मिळत नाही, उलट स्थिर आकाराचा भार त्याच्याच बिलात डोळ्यांवर येतो.

दरांवर ऑफजेम या नियामकाची कमाल मर्यादा असते. ही मर्यादा २०१९ च्या जानेवारीत लागू झाली आणि आता दर तीन महिन्यांनी बदलते. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत तिची सरासरी अशी होती: वीज युनिटाला २५.७३ पेन्स आणि दिवसाला ५१.३७ पेन्स, गॅस युनिटाला ६.३३ पेन्स आणि दिवसाला २९.८२ पेन्स. यात ५ टक्के व्हॅट आलाच. प्रदेशानुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात. वर्तमानपत्रं मात्र मथळ्यात एकच आकडा छापतात. त्या तिमाहीत तो वर्षाला १७२० पौंड होता. हे वाचून नवखा विद्यार्थी समजतो की बिल त्यापुढे जाणारच नाही. मर्यादा दरावर आहे, बिलावर नाही. १७२० हा आकडा वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस जाळणाऱ्या कल्पित घराचा. तुम्ही दुप्पट जाळलंत तर त्या हिशेबाने भराल.

त्या तिमाहीत स्थिर आकार दोन्ही मिळून दिवसाला सुमारे ८१ पेन्स होता. ऐकायला चिल्लर. पण जुलै-ऑगस्टमध्ये सगळे भारतात गेलेले असताना, फ्रिजसुद्धा बंद असलेल्या रिकाम्या घराचे त्या दराने ६२ दिवसांचे ५० पौंड होतात.

गॅसचं गणित एक पायरी जास्त आहे, कारण मीटर मोजतो घनफळ आणि बिल येतं ऊर्जेचं. घनमीटरांना आधी १.०२२६४ ने गुणायचं, ही तापमान आणि दाबासाठीची दुरुस्ती. मग गॅसच्या उष्मांकाने गुणायचं. तो बिलावर छापलेला असतो, साधारण ३९-४० च्या आसपास. आणि शेवटी ३.६ ने भागायचं, की हाती येतात युनिट, म्हणजे किलोवॅट तास. थोडक्यात एक घनमीटर म्हणजे ११ युनिटांच्या जरा वर. २९८ मधून ते २११ वजा जाता उरलेल्या आमच्या ८७ घनमीटरांचे झाले सुमारे ९७६ युनिट, आणि वरच्या दराने ६२ पौंडांच्या आत. जे आमचे नव्हतेच त्या २११ घनमीटरांचे होतात जवळजवळ १५० पौंड. एका फोटोची किंमत.

मीटर जुना असेल तर आणखी एक फट राहते. काही मीटर अजून घनफुटांत मोजतात, शंभर-शंभराच्या पटीत, आणि त्यांच्या आकड्याला वरच्या सगळ्याआधी २.८३ ने गुणावं लागतं. कंपनीच्या नोंदीत मीटरची जात चुकलेली असेल तर बिल पावणेतीन पटीहून जास्त फुगतं, किंवा तितकंच आटतं आणि पुढे कधीतरी अंगावर येतं. मीटरच्या तोंडावर घनमीटर लिहिलंय की घनफूट, आणि बिलावर काय लिहिलंय, एवढं एकदा ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

वरचे दर पाहिलेत तर लक्षात येईल की विजेचं एक युनिट गॅसच्या चौपट महाग आहे. थंडी पडली की विद्यार्थी सगळ्यात आधी काय करतो? वीस-पंचवीस पौंडांचा पंख्याचा हीटर आणतो, कारण सगळ्यांचं हीटिंग लावण्यावरून घरात वाद होतात आणि आपल्या खोलीपुरतं आपण पाहावं असं वाटतं. दोन किलोवॅटचा तो हीटर रोज चार तास चालला तर आठ युनिट, दोन पौंडांच्या वर. महिन्याला ६२ पौंड, आणि तेही एका खोलीचे. पाच जणांनी तसं केलं तर गॅसचा बॉयलर मोकळा बसतो आणि विजेचा मीटर गरगर फिरतो. बॉयलर लावा, आणि ज्या खोलीत कुणी नाही तिथल्या रेडिएटरचा कॉक खाली आणा, स्वस्त पडतं.

चहाच्या किटलीला लोक उगाच बदनाम करतात. तीन किलोवॅटची किटली चार मिनिटं चालली तर पाच पेन्स. खरा चोर न्हाणीघरात असतो. बऱ्याच घरांत शॉवरलाच विजेची पेटी बसवलेली असते आणि छतापासून लोंबणारी दोरी ओढली की ती सुरू होते. तिची ताकद नऊ किलोवॅटच्या घरात, म्हणजे आपल्या गिझरच्या चार-पाच पट. दहा मिनिटांच्या अंघोळीला दीड युनिट, वरच्या दराने ३९ पेन्स. पाच जणांची रोजची अंघोळ धरली तर महिन्याला ५८ पौंड. बादली-तांब्या तिथे मिळत नाही, पण शॉवरखाली गाणं एका कडव्यावर थांबवता येतं.

काही इमारतींत गॅसच नसतो. अशा फ्लॅटमध्ये बहुधा ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची योजना असते: रात्रीचे सात तास वीज स्वस्त, दिवसा उलट नेहमीपेक्षा महाग. भिंतीला टेकलेल्या जड पेट्यांत विटा असतात. त्या रात्री तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. हे माहीत नसलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजली की पेटी लावून बघतो, ती तापत नाही, मग तो साधा हीटर लावतो आणि सगळ्यात महाग तासांत सगळ्यात जास्त वीज जाळतो. अशा मीटरवर दिवस आणि रात्र असे दोन आकडे असतात. फोटोत दोन्ही हवेत, आणि कंपनीने त्यांची अदलाबदल केलेली नाही ना, हेही पाहायला हवं.

आधी पैसे भरून वापरायचे मीटरही भेटतात. विजेसाठी प्लास्टिकची चावी, गॅससाठी कार्ड. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दहा-वीस पौंड भरायचे, अगदी प्रीपेड मोबाइलसारखं. घरात सापडलेली चावी सरळ रिचार्ज करायची नाही. आधीच्या भाडेकरूचं देणं त्या मीटरवर चढवलेलं असू शकतं आणि तुमच्या प्रत्येक रिचार्जमधून ते कापलं जातं. आधी कंपनीला फोन, मग नवीन चावी. शिवाय स्थिर आकार इथेही दिवसागणिक साचतो. दीड महिन्याने परत येऊन वीस पौंड भरले तर त्यातले बरेचसे मागच्या दिवसांतच जिरलेले दिसतील.

बिल दरमहा ठरावीक रकमेने बँकेतून परस्पर कापलं जावं ही तिथली रूढ पद्धत. वर्षभराच्या वापराचा अंदाज, भागिले बारा. बारा महिने एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबाला हे सोयीचं आहे, कारण उन्हाळ्यात जमा झालेले पैसे हिवाळ्यात खर्ची पडतात. विद्यार्थी नेमका हिवाळ्याच्या तोंडावर येतो, गाठीला काही जमा नसताना. मार्चपर्यंत त्याने भरलेल्या रकमेपेक्षा जाळलेला गॅस जास्त असतो आणि हा खड्डा भरून निघण्याआधीच, जूनमध्ये, तो घर सोडतो. मग शेवटचं बिल जड येतं आणि सगळे म्हणतात, लुबाडलं. लुबाडलेलं नसतं, उधारी असते. शक्य असेल तर दर महिन्याला प्रत्यक्ष वापराइतकं बिल भरायचा पर्याय घ्यावा आणि महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला आकडा स्वतः पाठवावा. स्मार्ट मीटर असला तरी तो आकडा खरंच पाठवतोय ना, हे बिलावर पाहावं. ‘अंदाजी’ असा शिक्का दिसला तर पाठवत नाहीये.

कंपनीने कित्येक महिने बिलच पाठवलं नाही आणि मग एकदम मोठी रक्कम मागितली, असंही होतं. चूक कंपनीची असेल तर १२ महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही. तक्रार लेखी करावी. आठ आठवड्यांत तड लागली नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे जाता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आमच्या १५० पौंडांसाठी तिथवर जावं लागलं नाही. यादीचं शेवटचं पान पाठवल्यावर तीन आठवड्यांनी सुधारित बिल आलं.

नाव कुणाचं लावायचं, हा घरातला नाजूक प्रश्न. आपल्याकडे ‘मी भरतो, तुम्ही नंतर द्या’ म्हणणारा एक भला माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. खात्यावर त्या एकट्याचं नाव असेल तर कंपनी एकट्यालाच धरते, आणि बिल थकलं तर त्याचं कर्जाचं रेकॉर्ड खराब होतं. सगळ्यांची नावं घाला. तशी घातली की सगळे मिळून आणि प्रत्येक जण पूर्ण रकमेला जबाबदार होतात, हेही समजून घ्या. एक फायदाही आहे: पत्त्याचा पुरावा म्हणून बँका बहुधा असं बिल चालवून घेतात.

कौन्सिल टॅक्स हा आपल्या घरपट्टीचा चुलता, पण तो बहुधा मालक भरत नाही, राहणारा भरतो. त्याची प्रतवारी इंग्लंडमध्ये अजूनही १ एप्रिल १९९१ च्या घरकिमतींवर होते, हे ऐकून मला तिथल्या सरकारी कारभाराबद्दल एकदम आपलेपणा वाटला. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर हा कर माफ. मात्र माफी आपसूक मिळत नाही. विद्यापीठाकडून दाखला घेऊन कौन्सिलला पाठवावा लागतो. खरी गोची वर्षअखेर होते. एक वर्षाचं मास्टर्स सप्टेंबरात संपतं, एखादा नोकरीला लागून त्याच घरात राहतो, बाकीचे शिकतच असतात. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या तारखेला त्याचं विद्यार्थीपण संपलेलं असतं. घराची पूर्ण माफी जाते, २५ टक्के सूट उरते आणि बिल त्या कमावत्याच्या नावाने निघतं. ते पाच जणांत वाटायचं की त्याने एकट्याने सोसायचं, हे घर घेतानाच बोललेलं बरं. खोलीखोलीचे करार वेगळे असतील तर सहसा हा कर मालकाच्या डोक्यावर असतो.

पाण्याचं सोपं आहे. कंपनी निवडता येत नाही, लीड्समध्ये यॉर्कशायर वॉटर एके यॉर्कशायर वॉटर. बिल थकलं तरी घरगुती पाणी तोडायला १९९९ पासून कायद्याने बंदी आहे. म्हणून बरेच विद्यार्थी खातंच उघडत नाहीत आणि थकबाकी मात्र साचत जाते. सीमा ओलांडून स्कॉटलंडला गेलात तर पाण्याचा आकार कौन्सिल टॅक्सच्याच बिलात येतो.

टीव्हीचा परवाना ऐकून आपल्याला हसू येतं, पण तो आहे. एप्रिल २०२५ मध्ये तो वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाला. घरात टीव्ही नसला तरी लॅपटॉपवर कुठलंही थेट प्रक्षेपण पाहिलं की लागू. म्हणजे क्रिकेटचा थेट सामनाही त्यात येतो. बीबीसीचं आयप्लेअर वापरलं तरी लागतो. नेटफ्लिक्सवर जुनी मालिका पाहायला लागत नाही. सगळ्यांचा मिळून एक भाडेकरार असेल तर घराला एक परवाना पुरतो.

इंटरनेटच्या करारात मुदत पाहा. कंपन्या १८ किंवा २४ महिन्यांचा करार पुढे करतात, तुमचं घर असतं दहा-बारा महिन्यांचं. नऊ महिन्यांचे विद्यार्थी करार असतात, मागावे लागतात.

हे सगळं नको म्हणून ‘बिलांसकट भाडं’ घेणारे पुष्कळ असतात आणि पहिल्या वर्षी त्यात मला काही गैर वाटत नाही. करारात ‘वाजवी वापरा’ची मर्यादा किती आहे तेवढी वाचावी, ती पौंडांत असते, आणि वर गेलेलं सगळं तुमचं. मालक वीज-गॅसचे वेगळे पैसे घेत असेल तर कंपनीला तो देतो त्यापेक्षा जास्त दर त्याला लावता येत नाही. पुण्यात सबमीटर लावून युनिटामागे मनाला येईल तो भाव लावणारे मालक भेटलेल्यांनी हा नियम ध्यानात ठेवावा. कंपनीचं बिल दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

घर सोडताना पुन्हा जिन्याखाली जायचं. फोटो, तारीख, कंपनीला कळवणं, नवा पत्ता देणं. सहा आठवड्यांच्या आत अंतिम बिल यायला हवं, आणि खात्यात पैसे उरले असतील तर त्यानंतर कामाच्या दहा दिवसांत परत. हे पैसे तिथल्या बँकेतच येतात. आमच्यातल्या एकाने मुंबईच्या विमानात बसायच्या आदल्या दिवशी खातं बंद केलं. त्याच्या वाट्याचे ४१ पौंड चेकने निघाले, आणि चेक गेला हेडिंग्लीच्या त्याच पायपुसण्यावर, नव्याने राहायला आलेल्या मुलांच्या पायाखाली.